लाइट घालवणं आणि दोष काढणं

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की एकेक करून विझतात. त्यांतल्या एका दिव्यावर सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे एक गोल फुगा असं चित्र असतं. एखाद्या दिवशी हा दिवा विझतच नाही. गाडी मात्र नेहमीसारखी चालते. ब्रेक लागतात, एसी गार करतो, अ‍ॅव्हरेज घटत नाही. मग पंधरा दिवस, महिना तसाच जातो. सर्व्हिसिंगच्या वेळी विषय निघतो आणि गॅरेजमधलं ठरलेलं वाक्य कानावर पडतं, "लाइट घालवून देतो." स्कॅनर जोडतात, एक बटण दाबतात, दिवा विझतो, मालक निश्चिंत मनानं घरी जातो. त्या दहा मिनिटांत गाडीची दुरुस्ती झालेली नसते, गाडीनं केलेली तक्रार फक्त पुसली गेलेली असते. हे मी इतक्या ठामपणे म्हणतो त्याला कारण आहे. क्लच, वायपर, हॉर्न यांचं काम बरोबर झालं की नाही हे रोजच्या वापरात कळतं. एअरबॅग वापरून पाहता येत नाही. तिची खरी परीक्षा एकदाच होते, आणि ती होते तेव्हा गॅरेजला परत जायची सवड नसते. म्हणून एअरबॅगच्या दिव्याबाबत कारण सापडेपर्यंत काम संपलं असं कुणीही समजू नये, मालकानं नाही आणि मेकॅनिकनंही नाही.

ही व्यवस्था स्वतःची तपासणी कशी करते ते समजून घेतलं की निदानाची दिशा आपोआप कळते. गिअरच्या दांड्याच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत एक छोटी पेटी बोल्टनं घट्ट बसवलेली असते. हे एअरबॅगचं कंट्रोल युनिट. गाडीचा वेग किती झटक्यानं उतरतो आहे हे मोजणारा सेन्सर तिच्या आतच असतो, आणि गाडीच्या नाकाशी किंवा दारांजवळच्या खांबांत बसवलेले इतर सेन्सर तिला खबर देतात. समोरून जोराची धडक बसली की साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत पिशवी फोडायची की नाही याचा निर्णय होतो आणि पुढच्या सुमारे ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पिशवीमागे धातूची एक डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. तिच्यात वायू तयार करणारं रसायन असतं आणि ते पेटवण्यासाठी स्क्विब नावाची बारीक तार असते, फटाक्याच्या वातीचं काम करणारी. या तारेचा विद्युतरोध साधारण २ ओहम असतो. तिच्यातून एक-सव्वा अँपियर प्रवाह क्षणभर गेला की ती पेटते. एरवी किल्ली सुरू असताना कंट्रोल युनिट त्याच तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडून रोध मोजत राहतं. आकडा २ च्या आसपास आला म्हणजे वाट सलग आहे. फार वर गेला तर वाट कुठेतरी तुटली आहे किंवा कनेक्टर सैल आहे. फार खाली आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. असं काही दिसलं की युनिट एक कोड नोंदवतं आणि दिवा लावतं. दिवा लागलेला असताना पुष्कळ गाड्यांत बिघडलेली शाखा, काहींत सगळीच व्यवस्था, निकामी धरावी लागते.

आता हा कोड नेमकं काय सांगतो ते पाहिलं पाहिजे, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. समजा स्कॅनरवर आलं, 'चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रोध जास्त'. हे वाचून अनेकांना वाटतं, एअरबॅग खराब झाली, बदला. पण कोडनं नाव घेतलंय ते सर्किटचं. त्या सर्किटमध्ये कंट्रोल युनिटपासून स्टिअरिंग कॉलमपर्यंतची वायरिंग आहे, मधले दोन-तीन कनेक्टर आहेत, स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग नावाची केबलची डबी आहे आणि सगळ्यांत शेवटी एअरबॅग आहे. यांतला कोणताही दुवा निसटला तरी युनिटला दिसणारा आकडा सारखाच. एखाद्या वाडीचा वीजपुरवठा खंडित झाला म्हणून कुणी त्या वाडीतल्या प्रत्येक घराचा बल्ब बदलत बसत नाही. आधी खांब पाहतात, मग फ्यूज, मग घर. इथेही क्रम तोच आहे, आणि अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन तो असा लावतो: एअरबॅग सर्किटमधून बाजूला काढायची आणि तिच्या जागी ठराविक रोधाचं चाचणीचं साधन जोडायचं. आता कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या कनेक्टरमध्ये. कोड राहिला तर एअरबॅग निर्दोष सुटली. मग क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे तेच साधन जोडायचं. अशी सर्किटची लांबी अर्धी-अर्धी कापत गेलं की दोन-तीन पायऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो.

चालकाच्या बाजूला हा गुन्हेगार पुष्कळदा क्लॉक स्प्रिंगच निघतो. स्टिअरिंग सतत फिरत असतं, त्यावरच्या एअरबॅगला मात्र वीज तुटता कामा नये, म्हणून स्टिअरिंगच्या मागे एका चपट्या डबीत फितीसारखी केबल गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरेल तशी ती उलगडते आणि गुंडाळते. वर्षानुवर्षं हे झालं की फितीतली एखादी तार तुटते. स्टिअरिंग काढताना चाकं सरळ ठेवली नाहीत आणि ही डबी मध्यावर न आणता बसवली, तर पहिल्याच पूर्ण वळणात ती तुटू शकते. हॉर्नची आणि स्टिअरिंगवरच्या बटणांची वायर बहुधा याच डबीतून जाते. म्हणून एअरबॅगचा दिवा लागला आणि त्याच सुमाराला हॉर्न अधूनमधून वाजेनासा झाला असेल, तर ही जोडगोळी मेकॅनिकला आवर्जून सांगावी. त्यानं निम्मं काम होतं. बाजूच्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या बाबतीत पहिली शंका सीटखालच्या कनेक्टरवर घ्यायची. सीट पुढेमागे सरकते, तिच्याखाली पाण्याची बाटली, छत्री, चपला कोंबल्या जातात, नवीन सीटकव्हर किंवा फरशीवरचं मॅटिंग बसवताना सीटच उचलली जाते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ओल्या पायांचं पाणी तिथेच मुरतं आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. ही पिन दिसायला जोडलेली असते, पण रोध दीड-दोन ओहमनं वाढला तरी युनिटच्या दृष्टीनं तो दोषच.

हे काम घरी करण्यासारखं आहे का? सीटखाली टॉर्च मारून कनेक्टर लोंबतो आहे का एवढं किल्ली बंद ठेवून पाहायला हरकत नाही. त्यापुढे हात घालू नये. धडकेत बॅटरी तुटली तरी पिशवी फुटावी म्हणून कंट्रोल युनिटमध्ये वीज साठवून ठेवलेली असते, त्यामुळे बॅटरी सोडवल्यावरही काही मिनिटं थांबावं लागतं. नेमकी किती, ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत असतं. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात ते उगाच नाही. त्यांच्या आत एक छोटी पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना आपसांत जोडते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेनंही पिशवी चुकून फुटू नये. एअरबॅगला थेट मल्टिमीटर लावू नये असं कंपन्या बजावतात त्याचंही कारण हेच. चांगला डिजिटल मीटर स्क्विब पेटवण्याइतका प्रवाह सहसा सोडत नाही, पण जुना किंवा बिघडलेला मीटर किती सोडेल याची खात्री कोण देणार, आणि इन्फ्लेटरची ती डबी आपल्या छातीपासून दीड हातावर असते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. दिवा लागण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात, मग एवढा बाऊ कशाला? हे खरं आहे की बॅटरी उतरल्यावर जंप स्टार्ट दिला, किंवा सीटचा कनेक्टर सोडलेला असताना किल्ली फिरवली, तर कोड नोंदला जातो, आणि कनेक्टर पुन्हा नीट जोडल्यावरही अनेक गाड्यांत तो आपोआप जात नाही. तिथे कोड पुसणं हेच शेवटचं योग्य पाऊल असतं. माझा विरोध पुसण्याला नाही, पुसण्यावर थांबण्याला आहे. चांगला मेकॅनिक आधी कोड लिहून घेतो, तो आत्ता चालू आहे की जुना नोंदलेला आहे ते पाहतो, संशयित जागा तपासतो आणि मगच पुसतो. मग गाडी खड्ड्यांतून फिरवतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवतो, सीट पुढेमागे करतो आणि पुन्हा स्कॅन करतो. कोड परतला तर तोही पुरावाच, कोणत्या हालचालीला परतला याचा. हाच कोड न वाचता पुसला, तर दोष पकडण्याचा सगळ्यांत स्वस्त धागा आपणच तोडलेला असतो. आणि साध्या स्वस्त स्कॅनरनं 'काहीच दोष नाही' असं दाखवलं म्हणून विश्वास ठेवू नये. त्यांतले बरेचसे 'पी'नं सुरू होणारे इंजिनचे कोड तेवढे वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी' गटात येतात आणि ते वाचायला त्या व्यवस्थेपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो.

कारणापर्यंत न जाता थांबलं की काय होतं याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट नोंदलेला दाखला अमेरिकेतला आहे, जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचा. २००३ पासून सॅटर्न आयन आणि पुढे शेव्हरोले कोबाल्ट अशा छोट्या गाड्यांत कंपनीनं जो स्विच वापरला तो ठरलेल्या मापापेक्षा सैल होता. किल्लीच्या जुडग्याच्या वजनानं किंवा गुडघ्याच्या धक्क्यानं चालत्या गाडीत किल्ली 'रन'वरून 'अ‍ॅक्सेसरी'वर सरकायची. इंजिन बंद पडायचं, आणि त्याबरोबर एअरबॅगचं कंट्रोल युनिटही झोपायचं. मग गाडी झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला धडकली तरी पिशवी फुटायची नाही. या गाड्यांत पिशवी शाबूत होती, वायरिंग शाबूत होती, सेन्सर शाबूत होते. दोष एअरबॅगच्या व्यवस्थेच्या बाहेर, किल्लीपाशी होता. कंपनीकडे इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी येत होत्या आणि पिशवी न फुटल्याच्याही, पण दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिल्या. किल्ली सरकणं हा ग्राहकाच्या गैरसोयीचा प्रश्न मानला गेला, सुरक्षेचा नाही. २००५ मध्ये डीलरांना पत्रक गेलं, त्याचा आशय एवढाच की ग्राहकांना किल्लीला जड वस्तू अडकवू नका म्हणून सांगा. २००७ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या पोलिस दलातल्या एका अधिकाऱ्यानं एका अपघाताच्या अहवालात किल्लीची स्थिती आणि न फुटलेली पिशवी यांची सांगड घातलीही होती. कंपनीला ती घालायला आणखी कित्येक वर्षं लागली.

त्या दिरंगाईत एक तपशील असा आहे की निदान करणाऱ्या प्रत्येकानं तो ध्यानात ठेवावा. २००६ मध्ये स्विचची रचना गुपचूप सुधारली गेली, पण पार्ट नंबर बदलला नाही. त्यामुळे पुढच्या काळात तपास करणाऱ्यांना दिसायचं की एकच स्विच जुन्या गाड्यांत गोंधळ घालतो आणि नव्या गाड्यांत नाही, म्हणजे स्विचचा संबंध नसावा. जॉर्जिया राज्यातल्या २०१० च्या एका जीवघेण्या अपघाताचा दावा लढताना फिर्यादीच्या बाजूच्या एका अभियंत्यानं अपघातग्रस्त गाडीतला स्विच आणि त्याच नंबरचा नवा स्विच, दोन्ही उघडून शेजारी ठेवले. आतला दट्ट्या आणि स्प्रिंग वेगळे निघाले. कागदानं जे एकच म्हटलं होतं ते हातात घेऊन मोजल्यावर दोन ठरलं. फेब्रुवारी २०१४ पासून कंपनीनं या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, आणि नुकसानभरपाई निधीनं १२४ मृत्यू या स्विचमुळे झाल्याचं मान्य केलं. कंपनीनंच नेमलेल्या अँटन वालुकास यांच्या चौकशी अहवालात एक निष्कर्ष असा होता की 'अ‍ॅक्सेसरी'वर एअरबॅग बंद होते ही आपल्याच गाडीची रचना संबंधित लोकांना माहीत नव्हती. १२४ माणसं. आणि हाती लागलेला दोष एका स्प्रिंगचा.

यावर कुणी म्हणेल, या गाड्यांत तर दिव्यानंही काही सांगितलं नाही, मग दिव्याकडे लक्ष देऊन काय उपयोग? ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरनं हाच प्रश्न आणखी टोकदार केला. ताकाता वायूसाठी अमोनियम नायट्रेट वापरत होती. हे रसायन हवेतल्या ओलाव्यानं आणि वर्षानुवर्षांच्या उष्ण-थंड चक्रानं खराब होतं, मग प्रमाणाबाहेर जोरात जळतं आणि धातूची डबीच फोडून तिचे तुकडे प्रवाशावर फेकतं. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि जून २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. यातल्या एकाही इन्फ्लेटरबद्दल दिवा लागला नसता, कारण तार सलग होती, रोध बरोबर होता. बिघाड रसायनात होता आणि युनिट रसायन तपासत नाही. फ्लोरिडासारख्या उष्ण आणि दमट किनाऱ्यांना धोका जास्त म्हणून तिथल्या गाड्या आधी घेतल्या गेल्या. मुंबई, रत्नागिरी, पणजीची हवा तशीच आहे. भारतातही होंडानं आपल्या जुन्या गाड्या बोलावून हे इन्फ्लेटर विनामूल्य बदलून दिले. याचा अर्थ दिवा निरुपयोगी आहे असा होत नाही. दिवा विजेच्या वाटेची साक्ष देतो, तेवढीच, आणि तेवढ्यापुरती ती विश्वासू आहे. बाकीचं दुसऱ्या वाटेनं तपासायचं: कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन आपल्या गाडीवर कोणतं रिकॉल शिल्लक आहे का ते विचारायचं. जुन्या होंडाच्या मालकानं तर हे आजच करावं.

"मी सीटबेल्ट लावतो, एअरबॅग नसली तरी चालेल," असं म्हणणारेही भेटतात. बेल्ट हाच पहिला आधार आहे आणि एअरबॅग त्याची पूरक, हे बरोबर. म्हणूनच तिच्या नावात 'सप्लिमेंटल' आहे. पण आधुनिक गाड्यांत पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर असतो. धडकेच्या क्षणी तो बेल्ट खेचून माणसाला सीटशी आवळतो. तोही स्क्विबवरच चालतो, त्यालाही हुकूम देणारं तेच कंट्रोल युनिट, आणि त्याच्या दोषाला लागणारा दिवाही बहुधा हाच. ज्या आधारावर विसंबून आपण दिव्याकडे डोळेझाक करतो, तोच आधार त्या दिव्यामागे निकामी झालेला असू शकतो.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो अज्ञानातून आलेला नाही. अधिकृत केंद्रात वायर न शोधता अख्खं युनिट, अख्खा हार्नेस बदलायचं अंदाजपत्रक हाती पडतं आणि तो आकडा पाहून माणूस 'लाइट घालवणाऱ्या'कडे वळतो. यात दोष एकट्या मालकाचा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगानं मांडलेली अडचण आजही गल्लीतला मेकॅनिक सांगेल. वायरिंगचा नकाशा हाती नसलेल्या कुशल माणसालाही चाचपडावंच लागतं. तरीही नकाशे आणि एअरबॅगपर्यंत पोचणारा स्कॅनर बाळगणारे चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन मोठ्या शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांतही आता आहेत, आणि मेहनतीनं शोधलेला सैल कनेक्टर हा उगाच बदललेल्या युनिटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. दोन्हीकडे एकच मागणी करावी: कोड कोणता होता, कारण काय सापडलं आणि ते कसं सिद्ध झालं, हे बिलावर लिहून द्या. 'एअरबॅग लाइट रिसेट' एवढंच लिहिलेलं बिल मी दुरुस्तीचं मानणार नाही.

सरकारनं १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची केली, २०२१ मध्ये शेजारच्या सीटची भर पडली. पण त्यानंतर ती जिवंत आहे का, हे कुणी पाहत नाही. पीयूसी धूर पाहतं, आणि खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनी येतं. या पोकळीत जुन्या गाड्यांचा बाजार चालतो, आणि तिथे दिवा घालवण्याचे आणखी वाईट प्रकार आहेत. अपघातात फुटलेली पिशवी न बदलता तिच्या जागी दोन ओहमचा एक रेझिस्टर जोडतात. काही रुपयांच्या त्या तुकड्यावर कंट्रोल युनिट फसतं, रोध बरोबर आहे म्हणतं आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. पुरात बुडालेल्या गाडीचा धोका वेगळा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या. जमिनीलगतच्या कंट्रोल युनिटच्या पेटीत आणि सीटखालच्या कनेक्टरांत चिखलाचं पाणी शिरलं की दोष सहा महिन्यांनीही डोकं वर काढतो, तोवर गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकलेली असते. जुनी गाडी घेताना म्हणून किल्ली 'ऑन'वर आणून इंजिन सुरू न करता थांबावं. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर त्याचा बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असण्याची शंका धरावी. तो नीट वागला तरी रेझिस्टरची शंका उरतेच, तेव्हा शेजारच्या सीटपुढच्या डॅशबोर्डवर बोट फिरवून रंगाची किंवा भरणीची जोडरेषा लागते का पाहावं, पुढचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यांच्या चिठ्ठीवरची निर्मितीची तारीख गाडीच्या वर्षाशी ताडावी, गालिचा उचलून सीटच्या पट्ट्यांवर आणि पिवळ्या कनेक्टरांवर वाळलेला गाळ आहे का ते बघावं, आणि विकणारा तयार नसला तरी स्टिअरिंगच्या टोपीमागे खरोखर पिशवी आहे हे जाणकाराकडून उघडून पाहून घ्यावं.